इच्छाशक्तीची जादू आणि मोठं होणं : कुमारवाचकांसाठी फँटसी लिहिताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुमारवयीन वाचकांसाठी मी एक फँटसी कादंबरी लिहिली. चार वर्षं लागली, त्यातली दीड वर्षं चुकीच्या कादंबरीवर गेली. ती कशी, ते पुढे येईलच. तेव्हापासून तेच तेच प्रश्न येत राहतात. काही लिहू पाहणाऱ्यांचे, काही वाचणाऱ्या मुलांचे, आणि काही 'हे वाचून आमची मुलगी नेटाने अभ्यासाला बसेल का' असं विचारणाऱ्या पालकांचे. पालकांना उत्तर आत्ताच देऊन टाकते: बसणार नाही. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

कादंबरी आहे तरी कशाबद्दल?

एका जगात काही माणसांना 'थोपवता' येतं. पडणारा दगड, विझू पाहणारी वात, अंगावर आलेला बैल, काहीही नुसत्या मनाने जागच्या जागी धरून ठेवता येतं. बारा वर्षांच्या एका मुलीला हे इतरांपेक्षा फार चांगलं जमतं. एका पावसाळ्यात गावाच्या वरचा बांध फुटतो आणि ती पाणी थोपवून धरते. गाव वाचतं. जेवताना, झोपताना, भांडताना मनाचा एक कोपरा ती त्या पाण्यावर रोखून ठेवते. काही महिन्यांनी तिच्या लक्षात येतं की पाण्याबरोबर तिची स्वतःची वाढही थांबली आहे. नखं वाढत नाहीत. केस आहेत तेवढेच. दुधाची शेवटची दाढ हलायला लागली होती, ती नुसती हलत राहते. धाकटा भाऊ उंचीत तिला गाठतो.

बाकीची चारशे पानं या एका अडचणीतून निघतात.

इच्छाशक्ती हीच जादू ठेवली तर लिहायला सोपं नाही का?

मलाही तसंच वाटलं होतं. कांड्या नकोत, मंत्र नकोत, थोर घराण्याचं रक्त नको. ज्याचं मन खंबीर त्याची जादू मोठी. ऐकायला न्यायाचंही वाटतं. पहिल्या खर्ड्याच्या शेवटी माझी नायिका दात-ओठ खाऊन, डोळे मिटून, आईला आठवून एकदाचा असा काही जोर लावते की खलनायक कोसळतो. लिहिताना मी रडले होते.

तो खर्डा मी तेरा वर्षांच्या एका मुलाला वाचायला दिला. दोन दिवसांत त्याने परत आणला. आवडला का, विचारलं. 'आवडला' म्हणाला. मग चपला घालता घालता थांबला आणि म्हणाला, 'पण मग तिने आधीच का नाही एवढा जोर लावला?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंधराव्या प्रकरणात तिची मैत्रीण मरते, तेव्हा काय तिने हातचं राखून जोर लावला होता? मैत्रीण तेवढी लाडकी नव्हती? जोर हीच जादू आणि जोराला बंधन काहीच नाही, असं झालं की प्रत्येक हार पात्राचा आळस ठरते आणि प्रत्येक जीत लेखकाची मेहेरबानी. दीड वर्षं गेली ती इथे.

यातून सुटायचं तर जादूला किंमत लावावी लागते. पण कुठलीही किंमत चालत नाही. नाकातून रक्त येणं, चक्कर येणं ही सगळ्यात स्वस्तातली. रुमालाने पुसलं, दोन तास झोपलं की हिशेब मिटला. किंमत अशी हवी की जे मिळवण्यासाठी गोष्ट चालली आहे त्यातूनच ती वजा व्हावी. गोष्ट मोठं होण्याची असेल तर मोठं होण्यातूनच. हे सुचलं त्या दिवशी मी जुना खर्डा फेकला नाही, पण कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. तिथून काढायला स्टूल लागतं.

'कुमारवाचक' म्हणजे नेमकं कुठलं वय?

ढोबळमानाने बारा ते अठरा. प्रत्यक्षात त्याहून मोठी माणसंही वाचतात: अमेरिकेत २०१२ साली बोकर या संस्थेने ग्रंथविक्रीची पाहणी केली तेव्हा या वर्गातली पुस्तकं घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक अठरा वर्षांवरचे निघाले, आणि बहुतेकांनी ती स्वतःसाठीच घेतली होती. लिहिताना मात्र मोठ्यांकडे बघून डोळा मारू नये. पंधरा वर्षांच्या वाचकाला ते लगेच कळतं.

'इच्छाशक्ती' हा शब्द कादंबरीत जवळजवळ दिसतच नाही. का?

कारण तो भाषणातला शब्द आहे. अग्रलेखात 'राजकीय इच्छाशक्तीचा अभाव' असतो. घरात आई मुलाला 'तुझी इच्छाशक्ती कमी पडते' असं म्हणत नाही. ती म्हणते, 'तू मनावर घेत नाहीस.' या चार शब्दांत जे वजन आहे, मन म्हणजे जणू पाठ आणि तिच्यावर काहीतरी उचलून घ्यायचं, ते 'इच्छाशक्ती'त नाही.

मराठीने या एका गोष्टीचे किती तुकडे केलेत ते बघा. हट्ट धरायचा असतो, आणि तो पुरवणारं कोणीतरी समोर लागतं. एकट्याने हट्ट करून दाखवा बरं. जिद्दीला पेटायचं असतं, त्याला 'तुला जमणार नाही' म्हणणारा लागतो. चिकाटीला कोणीच लागत नाही, तिला फक्त वेळ लागतो. धीर धरायचा, निश्चय करायचा, संयम पाळायचा, हिय्या करायचा, आणि मन? मन मारायचं. प्रत्येकाचं क्रियापद वेगळं, कारण प्रत्येक वेळी आत घडतं ते वेगळं.

दुसरा खर्डा लिहिताना मी स्वतःवर एक बंधन घातलं. पहिल्या शंभर पानांत नायिकेला फक्त हट्ट करू द्यायचा. मग जिद्द, तीही चुकीच्या माणसाला दाखवण्यासाठी. 'निश्चय' हा शब्द शेवटच्या चार प्रकरणांपर्यंत तिच्या वाट्याला येऊ द्यायचा नाही. ही मोठं होण्याची शिडी मला कोणत्याही लेखनकार्यशाळेत मिळाली नव्हती, ती भाषेतच पडलेली होती.

ध्रुवाची गोष्ट आठवा. सुरुवात बापाच्या मांडीवर बसण्याच्या हट्टाने होते, सावत्र आईच्या बोलण्याने त्याची जिद्द होते आणि पाच वर्षांचं पोर तपाला बसतं. बक्षीस काय मिळतं, तर अढळपद. जिथून कधी हलायचंच नाही अशी जागा. लहानपणी मला ते फार भारी वाटायचं. आता वाटतं, बिचारा मोठा कधी होणार? माझ्या मुलीची गोष्ट बरोब्बर उलट्या दिशेने जाते.

तो मार्शमॅलोचा प्रयोग खरा आहे ना? ज्या मुलांनी धीर धरला ती पुढे यशस्वी झाली?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे त्यापेक्षा बरंच गुंतागुंतीचं आहे. म्हणून जरा सविस्तर सांगते.

वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत हे प्रयोग केले. मुलासमोर मार्शमॅलोसारखा मऊ, गोड खाऊ ठेवायचा, सांगायचं की मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील, आणि खोलीतून निघून जायचं. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात जास्त वेळ थांबलेल्या मुलांचे पुढच्या परीक्षांतले गुण चांगले असल्याचं दिसलं, आणि तिथून 'मनोनिग्रह म्हणजेच यश' ही दंतकथा सुरू झाली.

२०१८ साली टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी ९०० हून अधिक मुलांची माहिती घेऊन हाच संबंध तपासला. तो मुळातल्यापेक्षा निम्माच निघाला, आणि घरची परिस्थिती, आईवडिलांचं शिक्षण वगैरे हिशेबात धरल्यावर त्यातलाही बराचसा विरघळला. त्याआधी, २०१३ मध्ये सेलेस्ट किड यांच्या गटाने त्याहून मार्मिक गोष्ट करून पाहिली होती. अठ्ठावीस मुलं. खाऊच्या आधी प्रत्येकाला सांगितलं, थांब, तुझ्यासाठी याहून छान रंग आणते. निम्म्यांना रंग खरोखर आणून दिले. निम्म्यांना 'अगं, नाहीयेत' म्हणून सांगितलं. मग खाऊचा प्रयोग. ज्यांना शब्द पाळणारी बाई भेटली होती ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं गेलं होतं ती तीन.

म्हणजे तीन मिनिटांत खाऊ खाऊन टाकणारं पोर दुबळ्या मनाचं नव्हतं. त्याला फक्त कळलं होतं की इथे मोठ्यांच्या शब्दावर थांबण्यात अर्थ नाही.

लेखक म्हणून मला यातून मिळालं ते हे: नायिकेची ताकद तिच्या एकटीच्या छातीत शोधू नका, तिला कोणी कधी काय शब्द दिला होता आणि तो पाळला का, ते शोधा. माझ्या कादंबरीत बांध दुरुस्त करायचं वचन गावाने तीनदा दिलेलं आहे.

आणखी एक. मिशेलच्याच प्रयोगात जी मुलं खाऊकडे टक लावून बसायची ती हरायची. जी डोळे झाकून, गाणं म्हणत, खाऊ म्हणजे ढग आहे अशी कल्पना करत बसली ती टिकली. मुठी आवळून जिंकणाऱ्या नायकांच्या सगळ्या कादंबऱ्या यापुढे थोड्या हास्यास्पद वाटायला लागतात.

गेममध्ये असते तशी 'शक्ती संपत जाते' अशी पट्टी ठेवली तर? शास्त्रीयही वाटेल.

वाटेल खरं. १९९८ मध्ये रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना ताज्या बिस्किटांच्या वासात बसवून मुळे खायला लावले आणि मग न सुटणारी कोडी दिली. मुळेवाल्यांनी सुमारे आठ मिनिटांत हात टेकले. ज्यांना बिस्किटं मिळाली होती ते एकोणीसच्या आसपास टिकले. त्यावरून मनोनिग्रह हा इंधनासारखा संपतो असा सिद्धांत मांडला गेला. पण २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांवर लोकांवर, अशाच एका प्रयोगाची पुनरावृत्ती केली आणि परिणाम जवळजवळ शून्य निघाला. शिवाय २०१० च्या एका अभ्यासात दिसलं होतं की 'मन थकतं' असं मानणाऱ्यांचंच मन थकतं.

कादंबरीत पट्टी ठेवायला माझी ना नाही. पण मुळ्यांपेक्षा त्या शेवटच्या वाक्यात गोष्ट जास्त आहे. ज्या जगात सगळ्यांना शिकवलंय की शक्ती संपते, तिथे एका मुलाला हे कोणी सांगायचंच विसरलं, तर? माझ्याकडून ही कादंबरी होणार नाही. कोणाला हवी असेल तर घ्या.

नायिका इतकी खंबीर आहे, मग मित्रांसोबत असताना इतकी मूर्खासारखी का वागते?

कारण ती पौगंडावस्थेत आहे. (शरीराने बारा, मनाने चौदा-पंधरा. हे लिहिताना मला फार त्रास झाला.) मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे बेत आखणं, थांबणं, परिणामांचा विचार करणं ज्याच्याकडे असतं तो, पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो. त्याच्या मानाने मजा आणि वाहवा यांना दाद देणारी यंत्रणा लवकर जोरात येते. २००५ साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी मुलांना गाडी चालवण्याचा संगणकीय खेळ खेळायला दिला. एकटं असताना किशोर आणि प्रौढ यांच्यात फारसा फरक नव्हता. मित्र शेजारी उभे केल्यावर किशोर भलतीच जोखीम घ्यायला लागले; प्रौढांना फरक पडला नाही.

म्हणून माझी मुलगी एकटी असते तेव्हा नदी थोपवते, आणि चार जणी बघत असल्या की कड्यावरून उडी मारते. विसंगत वाटत असेल तर स्वतःचं पंधरावं वर्ष आठवा.

मनातली झुंज पानावर दाखवायची कशी? 'तिने मन घट्ट केलं' हे वाक्य किती वेळा लिहिणार?

एकदाही लिहू नका. मन घट्ट केलेलं दिसत नाही. दिसतं ते हाताने केलेलं.

आमच्या घरच्या... म्हणजे तिच्या घरच्या दाराच्या चौकटीवर दोघा भावंडांच्या उंचीच्या खुणा आहेत, कोळशाने केलेल्या. उजवीकडे तिच्या, डावीकडे भावाच्या. तिच्या बाजूला शेवटची खूण एकच, पण जाड. कारण दर सणाला आई त्याच जागी पुन्हा रेघ ओढते. विसाव्या प्रकरणात भाऊ चौकटीला पाठ लावून उभा राहतो. आई कोळसा घेते. त्याच्या डोक्याच्या रेषेत हात धरते आणि तो हात ताईच्या खुणेच्या दोन बोटं वर असल्याचं तिघांनाही एकदमच दिसतं. कोणी काही बोलत नाही. मग भाऊ गुडघे किंचित वाकवतो.

'नीट उभा राहा,' ताई म्हणते.

'उभाच आहे.'

'टाचा टेक. पाठ सरळ.' आणि आईच्या हातातून कोळसा घेऊन ती स्वतः रेघ ओढते. दुसऱ्या दिवशी अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांतून ती भावाचा सदरा बाजूला काढते, अंगाला लावून बघते आणि पुन्हा दोरीवर टाकते.

या दोन पानांत 'दुःख', 'धीर', 'मन' यांपैकी एकही शब्द नाही. सात वेळा लिहिली ती. तिसऱ्या वेळेपर्यंत भाऊ रडत होता. गुडघे वाकवायला तो पाचव्या खर्ड्यात शिकला.

अशा कादंबऱ्यांत आईवडील कायम मेलेले का असतात?

कारण जिवंत, शहाणे आईवडील गोष्ट तिसऱ्या पानावर संपवतात. 'बाळा, तू घरात जा, मी बघते.' संपलं.

पण सगळ्यांना मारून टाकणं हा मला आता आळस वाटतो. त्यांना जिवंत ठेवा आणि त्यांचा प्रश्न वेगळा करा. माझ्या कादंबरीत मोठी माणसं भरपूर आहेत, चांगलीही आहेत. झालंय एवढंच की पाणी अडलेलं आहे म्हटल्यावर बांध दुरुस्तीची घाई कोणालाच उरली नाही. पहिल्या वर्षी दगड मोजून आणले. दुसऱ्या वर्षी त्यातले निम्मे कोणीतरी गोठ्याला लावले. तिसऱ्या वर्षी गावजेवणात मुलीचा सत्कार झाला. हे प्रकरण लिहिताना मला अजिबात कल्पनाशक्ती वापरावी लागली नाही.

एका वाचक मुलीने मला सांगितलं की हे वाचून तिला तिच्या घरातली ताई आठवली, जी 'फार समजूतदार' आहे. मी त्यावर काही बोलले नाही. ती पण नाही.

खलनायक कसा असावा?

त्याची इच्छाशक्ती नायिकेपेक्षा जास्त असावी. दुबळ्या मनाचा खलनायक असेल तर 'खंबीर मन म्हणजे चांगुलपणा' असा चुकीचा हिशेब तयार होतो. जगात सगळ्यात जास्त नुकसान कधीच डळमळीत न होणारी माणसं करतात. माझ्या गोष्टीतली म्हातारी नऊशे वर्षांची आहे, वय दिसतं सतरा. तिने काय थोपवून धरलंय हे तिला स्वतःलाही आठवत नाही; सोडलं तर काय होईल एवढीच भीती शिल्लक आहे.

भीष्मप्रतिज्ञा हा शब्द आपण कौतुकाने वापरतो. पण महाभारतात त्या प्रतिज्ञेनेच पुढचा सगळा पेच पडतो, आणि ज्या सावत्र आईच्या लग्नासाठी ती घेतली, तीच नंतर 'आता सोड' म्हणते तरी तो सोडत नाही. धरणं हा पराक्रम असतो, पण कधी सोडायचं हे न कळणं हीसुद्धा इच्छाशक्तीच असते. खलनायकाचा शोध तिथे घ्या.

नैराश्यात असलेल्या पात्राने इच्छाशक्तीच्या जोरावर बाहेर यावं असं दाखवलं तर चालेल?

चालणार नाही. या एका बाबतीत मी मऊ उत्तर देत नाही.

नैराश्य हा आजार आहे, मनाचा कमकुवतपणा नाही, आणि 'मनावर घे, बरी होशील' हे वाक्य आजारी मुलाला आणखी खड्ड्यात ढकलतं. आधी आजार होता, आता त्यात अपराधीपणाही आला. व्यसनाचंही तसंच. तुमच्या जगात या गोष्टींना राक्षसाचं रूप देणार असाल तर तो राक्षस एकट्याने तलवारीने मरणारा नको. शेजारी बसणारं माणूस, औषध देणारं कोणी, मधेच पुन्हा बिघडणारे दिवस, हे सगळं त्या जगाच्या भाषेत येऊ द्या. आणि हे वाचणारं एखादं मूल स्वतःच तिथे असेल तर त्याने कादंबरीच्या पुढच्या भागाची वाट बघू नये. विश्वासातल्या मोठ्या माणसाला किंवा डॉक्टरला आज सांगावं.

मोठं होण्याचे टप्पे कसे आखायचे?

आर्नोल्ड व्हान जेनेप या अभ्यासकाने १९०९ मध्ये जगभरच्या संस्कारविधींचे तीन भाग दाखवले: आधीच्या जगापासून तुटणं, मधली ना इथली ना तिथली अवस्था, आणि नव्या ओळखीने परत सामील होणं. बहुतेक कुमार-फँटसी मधल्या भागात घडतात आणि तिसरा भाग घाईने उरकतात. राज्याभिषेक, मिठ्या, समाप्त. मला तिसऱ्याची ओढ आहे. परत आल्यावर घरात जुन्या खाटेवर पाय बाहेर येतात, ते दृश्य कोण लिहिणार?

इथे मराठीचा एक फायदा उठवा. आपले वाक्प्रचार मुळातच फँटसी आहेत. वयात येणाऱ्या पोराला 'शिंगं फुटली' म्हणतात. एखाद्या जगात ती खरोखर फुटत असतील तर? उंबरठ्यातून आत येताना मान वाकवावी लागेल, उशीवर झोपता येणार नाही, आणि एक दिवस बापाच्या डोक्यावरचे जुने, घासून गुळगुळीत केलेले खुंट दिसतील.

शब्दसंख्या, निवेदन वगैरे?

साठ ते नव्वद हजार शब्द रूढ आहेत. फँटसीत जगाची मांडामांड असते म्हणून लाखापर्यंतही जातात. निवेदन प्रथमपुरुषी करावं की तृतीयपुरुषी, यावर वाद घालण्यात मी तीन महिने घालवले. दोन्ही चालतं.

जादूचे नियम किती उलगडून सांगायचे?

ब्रँडन सँडरसन या लेखकाने २००७ मध्ये एक चांगला आडाखा मांडला: जादूने अडचण सोडवायची असेल तर ती जादू वाचकाला जितकी कळलेली असेल तितकीच ती सुटका पटते. म्हणजे जादूने अडचण निर्माण करणार असाल तर गूढ ठेवा, हरकत नाही. सोडवणार असाल तर नियम आधी, आणि शक्य तितक्या कंटाळवाण्या प्रसंगात, सांगून टाका. 'थोपवलं की वाढ थांबते' हा नियम माझ्याकडे दुसऱ्या प्रकरणातच आहे, एका अर्धवट पिकलेल्या पेरूच्या निमित्ताने. कोणाच्याही लक्षात येत नाही. यायलाच नको होतं.

बोधकथा होऊ नये म्हणून काय करायचं?

ज्या पात्राच्या तोंडी तुमचं आवडतं मत आहे ते पात्र एकदा तरी ठार चुकू द्या. आणि सल्ला देणारा म्हातारा गाळा. माझ्याकडे होता, पांढऱ्या दाढीचा, नदीकाठी राहायचा. तो काढल्यावर कथानकात काहीच बदललं नाही, यावरून काय ते समजा.

शेवट काय होतो? ती पाणी सोडते का?

ज्यांना कादंबरी वाचायची आहे त्यांनी इथे थांबावं.

सोडते. पण रागाच्या भरात सोडत नाही, दमूनही नाही. गावाला तारीख सांगून सोडते: अमावास्येनंतरच्या पाचव्या सकाळी मी सोडणार, तोवर काय बांधायचं ते बांधा. आधी कोणी खरं मानत नाही. मग शिव्या देतात. मग आई पहिला दगड उचलते, आणि तो दगड गोठ्याच्या भिंतीतून काढलेला असतो. भिंत पुरती होत नाही. पाचव्या दिवशी पाणी येतं, खालच्या अंगाची दोन घरं आणि एक शेत घेऊन जातं. माणूस कोणी मरत नाही, पण त्या दोन घरांतली माणसं तिच्याशी पुढे कधी नीट बोलत नाहीत. हे गाळा असं मला दोघांनी सुचवलं होतं. गाळलं नाही.

आणि ती दाढ? सगळी मुलं दाढेबद्दल विचारतात. शेवटच्या पानावर ती भावाशी सदऱ्यावरून भांडत असते. बोलता बोलता थांबते, तळहातावर थुंकते, हातातलं बघते, आणि भांडण पुढे चालू ठेवते.